सामाईक भिंतीची ओल

श्रावण लागला की मी भिंती बघायला लागते. घरी पाहुणा आला तरी बोलता बोलता माझी नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे जाते, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, हिला आपला कंटाळा आला. यंदा समता कॉलनीतल्या आमच्या घरात जिन्याखाली तळहाताएवढा डाग दिसला. मी त्याला हात लावला, वास घेतला, आणि कोणी बघत नाही असं पाहून नखाने थोडासा चुना खरवडून जिभेवर ठेवला. नेमका तेव्हाच मुलगा वरून उतरला. "मम्मी, आप दीवार खा रही हो?" त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. चव बघतेय, असं मी सांगितलं. त्याने फोन काढला आणि कुठल्याशा कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

तो माणूस आला, भिंतीला एक लहानसं यंत्र टेकवलं, आकडा वाचला आणि चहा न घेता गेला. पाच मिनिटांत निदान. ना कोणावर संशय, ना कोणाशी अबोला. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या घरात एका भिंतीच्या ओलीचं निदान व्हायला वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचा वेळ लागला होता.

ते नव्या राज्याचे दिवस. रायपूर राजधानी होऊन सहा-सात महिने झाले असतील. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, राजधानी आल्याच्या खुणा दोनच होत्या: गाड्यांच्या नंबरांची अक्षरं बदलली होती, आणि मिस्त्री मिळेनासे झाले होते. जो तो मिस्त्री कुठल्या ना कुठल्या मंत्र्याच्या बंगल्याला गिलावा करत होता, निदान तसं सांगत तरी होता. गोल बाजारात चुना आणायला गेलं तर दुकानदार आधी विचारायचा, काम सरकारी है या घरेलू. घरगुती म्हटलं की तो पोत्याकडे बोट दाखवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

माझे बाबा त्याच्या काही वर्षं आधीच पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पाणी अडवलं, वळवलं आणि सोडलं, त्यामुळे पाणी आपलं ऐकतं अशी त्यांची पक्की समजूत होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी घरात एक योजना राबवली. रायपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलर म्हणजे दर दोन तासांनी बादल्या. बाबांनी गच्चीवरच्या टाकीतून थेट कूलरपर्यंत बारीक पाइप आणला, मधल्या खोलीच्या भिंतीत खाच पाडून तो पुरला आणि वरून गिलावा करून घेतला. टोकाला फ्लोट लावला. कूलर भरला की पाणी आपोआप बंद. अख्खा पारा बघायला आला. पावसाळ्यात कूलर माळ्यावर जायचा, तेव्हा बाबा पाइपच्या तोंडात चिंधी गुंडाळलेली खुंटी ठोकायचे, आणि ते ठोकणंसुद्धा एखाद्या धरणाचं दार बंद करावं अशा तोऱ्यात चालायचं. आईच्या बादल्या सुटल्या होत्या, म्हणून तीही कौतुक करायची.

पाणी कुठून झिरपत होतं हे आता कोणालाही कळेल. आम्हाला कळलं नाही, कारण घरात सगळ्यांवर संशय घ्यायची मुभा होती, बाबांच्या योजनेवर नव्हती.

ज्या भिंतीत पाइप होता ती सामाईक भिंत. तिच्या पलीकडे गुरुजींचं घर. गुरुजी म्हणजे निवृत्त हिंदीचे मास्तर, सडपातळ, स्वच्छ धोतर, आणि बोलणं इतकं शुद्ध की भाजीवालीसुद्धा त्यांच्याशी बोलताना पदर नीट करायची. रोज सकाळी ते स्वतःचा काचेचा ग्लास घेऊन आमच्या परछीत, म्हणजे ओसरीवर, यायचे. आई त्यात चहा ओतायची. बाबा पेपर मोठ्याने वाचायचे, गुरुजी पेपरातल्या हिंदीच्या चुका लाल पेन्सिलीने सुधारायचे. पंचवीस वर्षांत यात खंड पडला तो फक्त गुरुजींच्या मोतीबिंदूच्या वेळी. बाबांना दुसरा मित्र नव्हता. साहेब होते, हाताखालचे होते, नातेवाईक होते, पण मित्र एवढा एकच.

वैशाखात मधल्या खोलीच्या भिंतीवर डाग आला. बाहेर लू चाललेली, गच्चीवर पापड तासाभरात कडकडीत होत होते, आणि भिंत ओली. आई अमरावतीकडची, तिने सरळ विचारलं, "पाऊस नाही पाणी नाही, अन् भिंत ओली काहून?" त्या एका प्रश्नात सगळं उत्तर होतं. बाबांनी तिला भूजल वर येऊन राहिलं म्हणून सांगितलं आणि फाइल उघडली. फाइलवर लिहिलं, भिंत क्रमांक दोन. रोज संध्याकाळी ते डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारायचे. शेजारपाजारचे येऊन त्यात नव्या राज्याचा नकाशा शोधायचे. बस्तर खाली कुठेतरी पलंगाच्या मागे गेलं होतं. एकदा डागाला खालून शेपटी फुटली, तर एका काकांनी आता सीमा वाढणार म्हणून भाकीत केलं.

मंत्र्याच्या बंगल्यावर नसलेला मिस्त्री शहरात एकच उरला होता, दुकालू. त्याचा गुडघा दुखायचा, त्यामुळे त्याला सरकारी जिने चढवत नव्हते. तो आला, भिंतीला कान लावला, हाताने थापटली, आणि मग चिमूटभर पोपडा काढून तोंडात टाकला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. "नून नइ लागत हे, बाबूजी. ये नल के पानी ए." मीठ लागत नाही, म्हणजे हे नळाचं पाणी. जमिनीतून चढणारी ओल विटांमधला खार वर आणते, ती जिभेला कळते, असं त्याचं म्हणणं. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, की ओल दिसते तिथे शोधू नये, ती तिथे नुसती बाहेर पडते.

बाबांनी त्याला ऐकवलं की तपासणीची ही पद्धत खात्याला मान्य नाही. पण नळाचं पाणी हा निष्कर्ष त्यांनी उचलला. आणि नळ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला नळ आला तो गुरुजींच्या न्हाणीघरातला, कारण ते त्याच भिंतीपासून चार हातांवर होतं. आपला स्वतःचा पाइप भिंतीपासून चार बोटांवरही नाही, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. वीस-वीस मैलांचे कालवे ज्यांच्या हातून गळले नाहीत, त्यांचा हातभर पाइप कशाला गळेल?

मग बाबांनी आमच्या बाजूने सिमेंटचा गिलावा मारून घेतला, त्यात पाणी न झिरपण्याची पावडर घालून. दुकालू नको नको म्हणत होता. भिंत आठ दिवसांत चकचकीत झाली. बाबांनी फाइलवर 'निराकरण' असं लिहिलं, आणि त्याच आठवड्यात गुरुजी सकाळी ग्लास घेऊन आले ते जरा संकोचून. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, की आमच्या बाजूला भिंत भिजते आहे, भैया, जरा पाहता का.

बाबा विजयाने माझ्याकडे वळले आणि मग गुरुजींना म्हणाले, "देखिए गुरुजी, पानी अपने घर लौट गया."

बाबांना तो विनोद वाटला होता. गुरुजींनी ग्लास खाली ठेवला. ठीक है भैया, म्हणाले आणि गेले. ग्लास तसाच अर्धा राहिला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. बाबांनी आठ वाजेपर्यंत पेपर उघडला नाही, मग उघडून मोठ्याने वाचायला लागले, समोर कोणीच नसताना. आईने स्वयंपाकघरातून हळू आवाजात मला सांगितलं, वाचू दे, टोकू नको.

माणूस चुकतो त्यापेक्षा चुकीची शोभा राखायला जे करतो ते जास्त महागात पडतं, हे मी त्या उन्हाळ्यात बसल्या जागी शिकले. आजही भांडणात माझी बाजू चुकीची आहे असं कळतं, तेव्हा मी आवाज चढवते. मुलगा म्हणतो, मम्मी, नानाजी मत बनो. नानाजींना त्याने फोटोतच पाहिलंय, पण कुटुंबात काही गोष्टी फोटोवरूनही कळतात.

पाऊस सुरू झाला आणि आमच्याकडच्या नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला ओल फुटली. भिंतीला श्वास घ्यायला जागा नव्हती, ती वरून वाट काढत होती. बाबांनी दुसरी तपासणी ठरवली. होळीचा उरलेला गुलाबी रंग पुडीत बांधला, सोबत हिंदीत पत्र लिहिलं की कृपया उक्त रंग अपनी टंकी में डालने का कष्ट करें, आणि मला पलीकडे पाठवलं. मी तेव्हा बी.एड. करत होते. शिक्षणशास्त्रात असल्या प्रसंगाची तयारी करून घेत नाहीत.

गुरुजींनी पत्र वाचलं, त्यातली एक मात्रा सुधारली, आणि पुडी टाकीत टाकली. भला माणूस. पुढचे दोन दिवस त्या घरातून जे बाहेर पडेल ते गुलाबी. धोतर गुलाबी, उपरणं गुलाबी. गुरुआइन, म्हणजे त्यांची बायको, पिण्याचं पाणी हापशावरून आणत होत्या, पण देवांची आंघोळ चुकून टाकीच्या पाण्याने झाली आणि चांदीचा बाळकृष्ण महिनाभर लाजल्यासारखा दिसत होता. बाजारात गुरुजींना कोणीतरी विचारलं म्हणे, कोणत्या पक्षात गेलात. नव्या राजधानीत तेव्हा रोज कोणी ना कोणी पक्ष बदलत होतं, त्यामुळे प्रश्न अगदीच गैर नव्हता.

आमच्या भिंतीवर काहीही उमटलं नाही. बाबा टॉर्च घेऊन तिच्यासमोर उभे होते. मग त्यांना गुलाबी झाक दिसली. आम्हा दोघींना पंच म्हणून बोलावलं. मी चष्मा पुसत राहिले. आई म्हणाली, "मले तं नुसती भिंत दिसून राहिली." फाइलवर नोंद झाली, 'अंशतः गुलाबी'.

ही नोंद पाऱ्यातून फिरत फिरत पलीकडे पोचली. दोन दिवसांनी तिकडून ठोकल्याचा आवाज यायला लागला. गुरुजींनी दुकालूला बोलावून आपल्या न्हाणीघराची फरशी उखडायला लावली होती. भैया कहते हैं तो होगा, एवढंच ते त्याला म्हणाले होते. भर पावसाळ्यात ते म्हातारं जोडपं अंगणात, दोरीवर टाकलेल्या जुन्या साडीच्या आडोशाला आंघोळ करायला लागलं. बाबा तो आवाज ऐकत पेपर वाचायचे. त्यांचं लक्ष पेपरात नसायचं. एकदा मी पाहिलं, त्यांनी छापलेल्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मग स्वतःच खोडली.

आईला ते अंगणातलं आंघोळीचं सहन होईना. तिला खात्याची पद्धत माहीत नव्हती, तिला धुणं माहीत होतं. तिने पिण्याचं पाणी भरून घेतलं, आणि बाबा बँकेत गेले असताना गच्चीवर जाऊन निळीची अख्खी बाटली आमच्या टाकीत रिकामी केली. कोणाला बोलायचं नाही, असं मला सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा टॉवेल निळा, जानवं निळं, आणि उजेडात पाहिलं तर पांढऱ्या मिशीलाही आकाशी छटा. बाबांनी आरशासमोर बराच वेळ काढला आणि साबण बदलायला सांगितला. आमच्याकडची भिंत मात्र गप्प. तिला आम्ही पावडर घालून गप्प केलं होतं.

मग पोळा आला. तिकडे त्यालाच पोरा म्हणतात. आईने पुरणपोळ्यांचा डबा बांधून मला पलीकडे धाडलं, अबोला सुरू झाल्यावर तिकडे डबा जायची ही पहिलीच वेळ. गुरुआइननी माझ्या हातावर बेसनाची कुरकुरीत ठेठरी ठेवली आणि बसवलं. गुरुजी खुर्चीत होते. त्यांच्या शेजारी, सामाईक भिंतीवर, एक कॅलेंडर टांगलेलं. गुडघ्याच्या उंचीवर. त्यावरची तारीख बघायची तर माणसाला पालथं झोपावं लागलं असतं. मी विचारलं, हे इतकं खाली का? गुरुआइन म्हणाल्या, बच्चों के लिए. त्या घरात मूल नव्हतं. होते ते दोन मुलगे केव्हाच भिलाईत स्थायिक झाले होते. गुरुजी छताकडे बघत होते.

मी वाकून कॅलेंडर उचललं. खाली डाग होता, परातीएवढा, मस्त निळा.

मला आधी हसू आलं आणि लगोलग इतकी लाज वाटली की मी कॅलेंडर घाईने परत सोडलं. गुरुजी म्हणाले, "बेटी, भैया से मत कहना. उन्हें बुरा लगेगा." ज्या माणसाची फरशी आम्ही उखडायला लावली, ज्याचं धोतर गुलाबी केलं, तो आमच्या बाबांना वाईट वाटू नये म्हणून आमचं पाणी कॅलेंडरखाली झाकून बसला होता. मी मान हलवली. बाबांना सांगणार नाही असं वचन दिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. आईबद्दल ते काही बोलले नव्हते.

आईने रात्रीची वाट पाहिली नाही, दुपारीच ताटावर बाबांना सांगितलं. "गुरुजीच्या भिंतीवर निळा डाग आहे. नीळ मी टाकली होती. आपल्या टाकीत." बाबांचा घास हातात राहिला. मग ती पुढचं बोलली. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या जेवणाला दरवर्षी सवाष्ण गुरुआइन आणि ब्राह्मण गुरुजी, माझ्या जन्माच्या आधीपासून. "यंदा ते दोघं आले नाई, तं मी पान वाढणार नाई. महालक्ष्म्या उपाशी उठल्या तं तुम्ही जाना अन् त्या जाने." बाबा अर्ध्या ताटावरून उठले नाहीत. सगळं जेवले, पण काय जेवतोय हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर गेले आणि टाकीपाशी कूलरच्या पाइपची चावी बंद करून आले. कोणाला काही सांगितलं नाही. वरच्या कडेच्या ओलीला नवी रेघ मारली आणि खुर्ची ओढून भिंतीसमोर बसले, हातात पेन्सिल. बाहेर धो धो पाऊस. गटारं भरून वाहत होती, गच्चीवर शेवाळ, उशीला वास, शेजारच्या घरी छत गळत होतं. आणि आमची भिंत वाळत होती. गणपती बसले तोवर डाग पेन्सिलीच्या रेघेपासून चार बोटं आत सरकला होता. बाबा आयुष्यभर पाण्याच्या रेघा वाचत आले होते, ही रेघ त्यांना वाचता येत नव्हती असं नाही.

दुकालूला बोलावलं. त्याने छिन्नीने गिलावा फोडला, पाइप उघडा केला. चावी उघडून पाहिली तर वळणावरचा जोड पाझरत होता, थेंब थेंब, कोणालाही घाई नसल्यासारखा. आतल्या विटा बोटाने कुस्करत होत्या. जोड बदलायला त्याला अर्धा तास लागला. मग तो उठला, गुडघा चोळला, आणि भिंत दोन्ही बाजूंनी वाळली पाहिजे म्हणाला. "ओ डहर घलो खोले बर परही, बाबूजी." त्या बाजूनेही उघडावी लागेल.

त्या बाजूने उघडायची तर त्या बाजूला जाऊन विचारायला हवं. बाबांनी आधी पत्र लिहायला घेतलं. विषय, संदर्भ, महोदय. तीन कागद फाडले. चौथ्यावर नुसतं 'गुरुजी' लिहिलं आणि पुढे काही सुचेना. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "लिहून नोका पाठवू. ते चुका काढतील."

महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, फाइल काखेत मारली. साहेबांपुढे चौकशीला जाताना जसे जायचे तसे. मी आमंत्रणाचं हळदकुंकू घेऊन मागे. दार गुरुजींनीच उघडलं. दोघांपैकी कोणीही नमस्कार केला नाही. बाबा आत गेले ते सरळ त्या खालच्या कॅलेंडरपाशी, आणि मोठ्या कष्टाने गुडघे टेकून खाली बसले. कॅलेंडर उचललं. निळा डाग बराच वेळ पाहिला. त्यावर हात ठेवला. उठले नाहीत, वळलेही नाहीत, भिंतीकडेच बघत म्हणाले,

"गुरुजी, पानी मेरा है."

"मालूम है, भैया."

"तो बोले क्यों नहीं?"

गुरुजी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"मेरा तो आना छूट गया था," ते म्हणाले. "आपके घर से पानी तो आ रहा था."